रामेछाप–लुक्ला विमान: वीस मिनिटांच्या प्रवासाला अडीच दिवस, तरी साडेतीन स्टार

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. दीड कशाचे कापले ते पुढे येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण एक तर या रूटवर ज्या दोन-तीन कंपन्या आहेत त्यांची विमानं साधारण सारखीच, काउंटर शेजारी शेजारी आणि ढग तर सगळ्यांना कॉमन, आणि दुसरं म्हणजे मी तिथे काउंटरवर जो तमाशा केला त्यानंतर नाव घेऊन तक्रार करायला मला तोंड राहिलेलं नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलो. त्याचं चालणं नेपाळच्या डोंगरातल्या लुक्ला गावापासून सुरू होतं, आणि तिथे पोचायला हे विमान. मी, बायको, मेव्हणा, त्याचे दोन मित्र आणि बायकोची मावशी, वय ६१, रिटायर्ड शिक्षिका, कळसूबाई किती वेळा केलं ते तिलाच आठवत नाही. ट्रेकबद्दल लिहिणारे भरपूर आहेत, मी फक्त विमानाबद्दल लिहितोय, कारण जाण्याआधी लुक्ल्याबद्दल मी जे जे वाचलं त्यात सगळ्यांनी "जगातलं सगळ्यात डेंजर एअरपोर्ट, काय थ्रिल राव" एवढंच लिहिलेलं, नक्की डेंजर काय आहे आणि आपण तिकिटाचे पैसे नक्की कशाचे देतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

एजंटने बुकिंग करताना सांगितलं "काठमांडू ते लुक्ला फ्लाइट". काठमांडूत पोचल्यावर कळलं की सीझनमध्ये त्रिभुवन विमानतळावर एवढी गर्दी असते की लुक्ल्याची बरीचशी विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सोडतात. म्हणजे रात्री दीडला काठमांडूच्या थमेल भागातून गाडी, चार-साडेचार तास नुसती वळणं, मेव्हण्याचा एक मित्र दोनदा ओकला, आणि उजाडता उजाडता एका लहानशा एअरपोर्टच्या गेटबाहेर आपण दोनअडीचशे जणांच्या रांगेत. पहिला अर्धा स्टार इथे गेला. खरं तर तो एजंटचा आहे पण एजंटला स्टार द्यायची सोय कुठे असते.

सामान १५ किलो, हातातली बॅग धरून. आता दिवाळीत निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात काय असतं ते तुम्हाला माहितीये. मावशीच्या सॅकमध्ये चिवडा, शंकरपाळ्या आणि दोन डबे बेसनाचे लाडू. काट्यावर साडेसतरा भरलं. मी म्हणलं अहो दाई (नेपाळीत दादा), अडीच किलोने काय होतंय, तर तो नुसता मान हलवत राहिला. शेवटी लाडू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून सहा जणांच्या जॅकेटच्या खिशांत गेले. तेव्हा मला तो माणूस आडमुठा वाटला होता. विमान बघितल्यावर नाही वाटला. ट्वीन ऑटर म्हणजे १९ सीटचं दोन पंख्यांचं विमान, चाकं आत न जाणारी, आतून आपल्या वडापच्या गाडीसारखं, मधल्या बोळात सरळ उभं राहता येत नाही. वर जाताना हवा पातळ होते, पंख आणि इंजिन दोघांचाही जोर कमी होतो, त्यामुळे अशा विमानात प्रत्येक किलोचा हिशोब मांडलेला असतो, आणि खिशातल्या लाडवांनी तो हिशोब आम्ही सहा जणांनी मिळून बिघडवला होता, हे लिहिताना आता लाज वाटते.

पहिल्या दिवशी पावणेदहाला आमचा नंबर लागला. आत शिरताना एका मुलीने ताटलीत कापसाचे बोळे आणि गोळ्या दिल्या, कापूस कानात आणि गोळी तोंडात (उलटं करू नका, मेव्हण्याने जवळजवळ केलं होतं). डावीकडे बसा, बर्फाचे डोंगर तिकडूनच दिसतात. उडालो, दहा-बारा मिनिटं झाली, सगळ्यांचे मोबाईल खिडकीला, आणि विमान वळलं. मला वाटलं दरीत शिरतंय म्हणून वळलं असेल, पण ते वळतच राहिलं, डोंगर डावीकडून उजवीकडे गेले आणि थोड्या वेळाने आपण परत मंथलीत. "लुक्ला क्लोज." बस, एवढंच. चहा नाही, पाणी नाही, समजावून सांगणं नाही.

दुसऱ्या दिवशी तर उडालोच नाही. आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही की मंथलीत ऊन लख्ख, आकाश धुतलेलं, घाम येतोय. मंथली आहे पावणेपाचशे मीटरवर, लुक्ला २८४५ मीटरवर, म्हणजे मधे कळसूबाई अख्खा घातला तरी वर जागा उरते, त्यामुळे इथल्या आभाळावरून तिथलं काही कळत नाही, पण हे समजून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. वर आणखी एक नियम असा की काल ज्यांचं विमान रद्द झालं ते आज आधी जात नाहीत, आजच्या तिकिटवाल्यांच्या मागे उभे राहतात. हा नियम कोणत्या डोक्यातून आला कळत नाही, पूर्ण एक स्टार मी याच्यासाठी कापलाय आणि कोणी कितीही समजावलं तरी परत देणार नाही. तर अकरा वाजता मी काउंटरवर गेलो आणि ओरडलो. आम्ही काय मूर्ख आहोत का, ऊन दिसत नाही का तुम्हाला, ते हेलिकॉप्टर कसं गेलं, पैसे घेताना बरं वाटतं, वगैरे वगैरे, हिंदी संपल्यावर मराठीत. माझ्यामागे अजून पाचसात जण जमले, एका गोऱ्याने टेबलावर हात आपटला. काउंटरवरचा पोरगा असेल चोवीस-पंचवीसचा. "मौसम खराब छ सर" एवढंच म्हणत राहिला. मेव्हणा माझा हात ओढतोय, "दाजी चला, दाजी लोक बघतायत". मावशी लांब सॅकवर बसून होती, ती काहीच बोलली नाही, आणि तिच्या वर्गात बसलेल्यांना माहितीये की ती बोलली नाही म्हणजे काय.

त्या रात्री मंथलीच्या लॉजमध्ये डास मारत मोबाईलवर वाचत बसलो. आणि जसजसं वाचत गेलो तसतसं त्या पोराचं "खराब छ" वेगळं ऐकू यायला लागलं.

लुक्ल्याचा रनवे आहे ५२७ मीटर. मुंबईचा मोठा रनवे साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्याचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. रुंदी ३० मीटर. एका टोकाला सरळ कडा, खाली दूधकोशीची दरी, दुसऱ्या टोकाला दगडी भिंत आणि भिंतीमागे डोंगर. आणि हा सपाट नाही, चढ आहे, ११.७ टक्के. टक्क्यांनी अंगात काही शिरत नाही म्हणून आपल्या हिशोबाने सांगतो, बोरघाटात कर्जतहून वर यायला रेल्वेला मागून जादा इंजिनं लावतात ना, तो चढ ३७ फुटांना १ फूट आहे. लुक्ल्याचा रनवे साडेआठ फुटांना १ फूट चढतो. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत साधारण ६० मीटरचा फरक पडतो, वीस मजली बिल्डिंग.

हा चढ खरं तर उपकारकच आहे, उतरणाऱ्या विमानाला चढ स्वतःच ब्रेक लावतो आणि उडणाऱ्याला उतार ढकलतो, त्यामुळे उतरायचं नेहमी चढाकडे तोंड करून आणि उडायचं उताराने दरीकडे, वारा काहीही असो. इथेच मेख आहे. इतर ठिकाणी विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं म्हणजे वेग आपोआप कमी पडतो. लुक्ल्यात ती निवडच नाही. सकाळी ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, हवा हलकी होऊन दरीतून वर सरकायला लागते आणि दहा-अकरापर्यंत तो वारा चांगलाच जोर धरतो, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला तो मागून ढकलणार. कोकणकड्यावर टोपी खाली टाकली की वर परत येते ते ज्यांनी बघितलंय त्यांना कड्याच्या ओठावर हवा काय चाळे करते ते सांगायला नको. आता तसल्याच कड्याच्या ओठावर रनवे सुरू होतो असं समजा. म्हणून सगळा धंदा सकाळचा. बाहेर लख्ख ऊन पडलंय म्हणून मी ओरडत होतो, आणि ते ऊनच तर वारा उठवत होतं!

पातळ हवेचं अजून एक गणित आहे. विमानाला तरंगून राहायला जेवढी हवा पंखांवरून जायला हवी तेवढी मिळवायची तर त्या उंचीवर खरा वेग समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के जास्त ठेवावा लागतो. वेगाच्या काट्यावर आकडा तोच दिसतो, जमीन मात्र जास्त जोरात अंगावर येते. म्हणजे रनवे सगळ्यात छोटा तिथेच वेग सगळ्यात जास्त.

आणि डोळ्यांची फसगत. चढाचा रनवे समोरून बघितला की पायलटला वाटतं आपण फार वर आहोत, म्हणून हात आपोआप विमान खाली न्यायला बघतो, आणि खाली कडा आहे. इथे रेडिओच्या किरणावर विमान आणून सोडणारी लँडिंग सिस्टीम नाही, डोळ्यांना रनवे दिसला तरच उतरायचं. त्यातून एका ठराविक जागेच्या पुढे गेलं की परत वळायला दरी पुरत नाही आणि समोरचा डोंगर ओलांडून वर चढायची ताकद विमानात नाही, मुंबई-पुण्याला कसं जमलं नाही तर पायलट परत वर घेतो आणि गोल मारून येतो, तसं इथे नाही. एकदा ती जागा ओलांडली की उतरायचंच. म्हणजे "परत जाऊ" हा निर्णय आधी, लांबून, रनवे नीट दिसायच्याही आधी घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी विमान वळलं तेव्हा आमच्या पायलटने हेच केलं होतं आणि आम्ही मागे "अरेरे" करत होतो.

८ ऑक्टोबर २००८ ला असंच एक ट्वीन ऑटर काठमांडूहून आलं, उतरायच्या शेवटच्या टप्प्यात धुकं आडवं आलं, रनवे दिसेनासा झाला आणि विमान रनवेच्या अलीकडेच खडकाला धडकलं. आत १९ जण होते, १८ गेले, फक्त कॅप्टन वाचला. मे २०१७ मध्ये मालवाहू विमान रनवेच्या तोंडाशी कमी उंचीवर आलं आणि खाली कोसळलं, कॅप्टन आणि को-पायलट दोघं गेले. एप्रिल २०१९ मध्ये उडताना विमान बाजूला भरकटलं आणि उभ्या हेलिकॉप्टरांवर आदळलं, तीन गेले. लुक्ल्याचं नाही पण आपल्या लोकांना आठवत असेल, २९ मे २०२२ ला पोखऱ्याहून जोमसोमला जाणारं ट्वीन ऑटर डोंगरावर आदळलं, २२ च्या २२ गेले, त्यात ठाण्याचं एक कुटुंब होतं, चार जण. ती बातमी आम्ही घरी जेवताना बघितली होती आणि मावशी तेव्हा टीव्ही बंद कर म्हणाली होती. जोमसोमसुद्धा तसंच, दरीतलं गाव, सकाळी उशिरापासून सोसाट्याचा वारा. युरोपियन युनियनने २०१३ मध्ये नेपाळच्या झाडून सगळ्या विमान कंपन्यांना आपल्याकडे यायला बंदी घातली ती उगाच नाही.

दुसरी बाजूही वाचली. लुक्ल्याला उतरायची परवानगी कोणत्याही पायलटला अशीच मिळत नाही, त्यासाठी अशा आखूड धावपट्ट्यांवरची किमान १०० उड्डाणं, नेपाळमधला वर्षभराचा अनुभव आणि मग लुक्ल्यातच इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून १० फेऱ्या. म्हणजे कौशल्य आहेच. पण अपघातांची ही यादी वाचली तर पुन्हा पुन्हा ढग किंवा धुकं येतं. चढ, कडा, भिंत हे सगळं पायलटला रोजचं पाठ आहे, आणि ढगामागचा रनवे पाठ असून उपयोग नाही. आणि ढग असताना जावं की नाही हे ठरवणाऱ्या माणसासमोर काउंटरवर कोण उभं असतं? माझ्यासारखा, सुट्टी संपत आलेला, आवाज चढवलेला माणूस. नोव्हेंबर २०११ मध्ये धुक्यामुळे बरेच दिवस विमानं बंद होती आणि लुक्ल्यात हजारो ट्रेकर अडकले होते, तेव्हा त्या काउंटरवाल्यांचं काय झालं असेल विचार करा.

बारा वाजता मावशी म्हणाली, "वाचून झालं असेल तर झोप आता. सकाळी त्या पोराशी नीट बोल."

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला रांगेत, पोरगा गेटवर नव्हता, बोलायचं राहिलं. पावणेसातला विमान. यावेळी मी पुढून दुसऱ्या रांगेत होतो, कॉकपिटला दार नाही, पडदा होता तोही बाजूला, त्यामुळे पायलटच्या खांद्यावरून समोरची काच दिसते. हे चांगलं की वाईट तुम्ही ठरवा. पंधरा मिनिटं मस्त, खाली पायऱ्यांची शेतं, डावीकडे बर्फ. मग विमान दरीत शिरलं, दोन्ही बाजूंना झाडं ओळखता येतील इतके डोंगर जवळ, आणि समोर डोंगराच्या पोटावर एक करडा पट्टा, अंगणात वाळत टाकलेल्या सतरंजीएवढा. मला खरंच वाटलं हा रस्ता असेल. तो सतरंजीचा पट्टा काचेत न हलता नुसता मोठा होत गेला, कोणी बोलत नव्हतं, मेव्हण्याच्या मित्राने ओकायची पिशवी तोंडाजवळ धरलेली. कडा पायाखालून गेला आणि लगेच चाकं आपटली, पंख्यांनी उलटा जोर लावला, सगळे पुढच्या सीटवर, भिंत येतेय येतेय आणि विमान वळून एका छोट्याशा फरशीवर उभं. चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंत मोजून दहा-बारा सेकंद असतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायलटने मागे वळूनही बघितलं नाही, एक पंखा फिरताच होता, आम्हाला उतरवलं, परतीचे लोक आणि पोती भरली आणि पाचेक मिनिटांत ते विमान उताराने धावत दरीत पडल्यासारखं गेलं. त्याला अजून दोन-तीन फेऱ्या मारायच्या होत्या, ढग यायच्या आत.

लुक्ल्यात एक गोष्ट करा, उतरल्यावर घाईने चालायला लागू नका. रनवेच्या वरच्या अंगाला, कुंपणापलीकडे चहाची दुकानं आहेत तिथे तासभर बसा. विमान येणार असलं की भोंगा वाजतो. मग दरीत एक ठिपका दिसतो आणि तो आपल्यापेक्षा खाली असतो, खालून वर येणारं विमान उतरताना बघणं हे डोक्याला पटतच नाही. ही पट्टी १९६४ मध्ये सर एडमंड हिलरींनी बांधून घेतली, जमीन शेर्पांकडून २,६५० डॉलरला घेतली, त्यांना खरं तर सपाट शेतं हवी होती पण शेतकरी सुपीक जमीन द्यायला तयार नव्हते, मग हा उतार मिळाला. माती दाबायला रोलर नव्हता म्हणून गावच्या शेर्पांना म्हणे दारू पाजून त्या पट्टीवर नाचवलं. डांबर खूप उशिरा, २००१ मध्ये पडलं. २००८ मध्ये तेनझिंग आणि हिलरी दोघांचं नाव दिलं. एवढी पट्टी बांधणाऱ्या माणसाची बायको आणि धाकटी मुलगी १९७५ मध्ये काठमांडूहून फाफलूला त्याच्याकडे येताना छोट्या विमानाच्याच अपघातात गेल्या, हे मला तिथे दुकानात बसून बायकोने वाचून दाखवलं, आणि मग चहा थोडा वेळ तसाच राहिला.

ज्यांना हे सगळं वाचून नको वाटत असेल त्यांनी सल्लेरीपर्यंत जीपने जावं, कच्चा रस्ता आता त्याच्याही पुढे सरकलाय, मग दोन-तीन दिवस चालत लुक्ला. हाडं खिळखिळी होतात पण उंचीची सवय चांगली होते. हेलिकॉप्टर महाग, आणि ढग त्यालाही सोडत नाहीत. विमानानेच जाणार असाल तर सकाळचं पहिलं किंवा दुसरं तिकीट मागा, पुढेमागे मिळून तीन दिवस मोकळे ठेवा, काठमांडूहून परतीचं तिकीट लुक्ल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका, आणि फराळ काठमांडूतच संपवा.

परतीला नशीब चांगलं, तासभरच थांबलो. उताराने पळताना पोटात जे होतं ते लँडिंगपेक्षा वाईट, कारण पट्टी संपते आणि विमान अजून जमिनीवरच आहे असं वाटतं. मग जमीनच निघून जाते. मंथलीत उतरलो तर काउंटरवर तोच पोरगा, समोर नवीन लोक, तोच गोंगाट. मी जाऊन सॉरी म्हणालो, त्याला मी आठवतही नव्हतो, दिवसाला माझ्यासारखे पन्नास होत असतील. मावशीने खिशातून लाडवांची शेवटची पिशवी काढली, दोन उरले होते, चेमटलेले. त्याने एक तिथेच खाल्ला, दुसरा रुमालात बांधून ठेवला, हात पुसले आणि रांगेकडे वळून म्हणाला, लुक्ला क्लोज.